नुन्त्सियाच्या दारावरचा फौजदार

मित्रांनो, जिना चढून वर आलेला माणूस आधी मला वाचतो आणि मग दाराकडे बघतो. आल्तामुरा गावातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या दाराची मी पितळी पाटी. आता जुनी झाले आहे. पाटीचं काम नाव सांगण्याचं, आणि ते मी आयुष्यभर इमानाने केलं. तरीही एकदा माझ्याच तोंडून असं काही निघालं, की एका भल्या बाईच्या ताटातला घास जायची वेळ आली. तो धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

चर्चमागच्या बोळात नावं कोरणाऱ्या कारागिराचं दुकान होतं. तिथे मला कापलं, घासलं, माझे कोपरे गोल केले. आमच्याकडे लग्न झालं तरी बाईचं आडनाव बदलत नाही, म्हणून माझ्यावर दोन नावं आली. वर सावेरियो लोरुस्सो, खाली नुन्त्सिया मोरामार्को. "माझं वर हवं, पावाची भट्टी माझी आहे," असं सावेरियोने दुकानातच ठणकावलं होतं. नवी नवरी हसून म्हणाली, "राहा बाबा वर. धूळसुद्धा आधी वरच बसते."

ते दिवस फार चांगले होते. भट्टी खालच्याच गल्लीत होती, आणि ताज्या पावाचा वास पहाटे जिन्यावरून माझ्यापर्यंत येई. नुन्त्सिया शाळेत शिकवायची. पहिलं मूल झालं, मग दुसरं, मग सासूने अंथरूण धरलं, आणि भट्टीच्या गल्ल्यावर बसायलाही कुणीतरी हवंच होतं. तिने शाळा सोडली. मुख्याध्यापिका एकदा स्वतः वर आल्या. "परत ये गं. तुझी जागा अजून भरलेली नाही." नुन्त्सिया काही बोलायच्या आत सावेरियो पिठाने माखलेल्या हातांनी दारात आला. "आणि दुकान कोण बघणार? माझ्या आईला कोण भरवणार?" बाईंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, जणू खालच्या नावाला काही विचारायचं होतं, आणि त्या उतरून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

दर शनिवारी नुन्त्सिया मारियामातेचा उपास करी. उपासाच्या दिवशी हात रिकामे नकोत म्हणून लिंबू आणि मीठ लावून ती मला घासायची आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणायची. येणारे-जाणारे म्हणत, "काय लखलखते हो तुमची पाटी!" मी मनातून फुलून जाई. तेव्हा मला वाटायचं, कोरलेलं कधी पुसत नाही.

मुलं मोठी होऊन उत्तरेकडे नोकरीला गेली. सासू देवाघरी गेली. आणि एका सकाळी सावेरियो बॅग घेऊन बाहेर पडला. बारी शहरातली एक बाई दुकानात पाव घ्यायला येत असे, तिच्याकडे तो कायमचा राहायला गेला. त्याने दार ओढलं ते इतक्या हळू, की मला ते कळलंच नाही. दार आपटलं असतं तर निदान मी हादरले तरी असते.

घटस्फोट झाला. नुन्त्सियाने मला उतरवून त्याच दुकानात नेलं आणि म्हणाली, "वरचं नाव काढून टाका." मित्रांनो, ज्या हातांनी ते नाव कोरलं, त्याच हातांनी माझ्या अंगावर कानस चालवली. मी घरी आले ती अर्धी कोरी होऊन.

त्याच सुमारास तिची वकीलबाई जिना चढून आली. दोघी दारातच बोलत होत्या. नुन्त्सिया अवघडून म्हणाली, "त्याच्याकडून दरमहा घ्यायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं हो."

"भीक?" वकीलबाई पायरीवरच थांबली. "बाई, तुम्ही शाळा सोडलीत म्हणून त्याची भट्टी चालली. त्याच्या आईचं तुम्ही केलंत. आता या वयात तुम्हाला कोण कामावर घेणार? संसार किती वर्षं टिकला, त्यात कुणी काय सोडलं, हे बघूनच न्यायालय पोटगी देतं. यात उपकार कुणाचे नाहीत." मग जाता जाता म्हणाली, "एक ध्यानात ठेवा. तुम्ही दुसरं लग्न केलंत तर ती बंद होईल. लग्न न करता कुणाबरोबर संसार थाटलात, तरी तो न्यायालयात जाऊ शकतो."

नुन्त्सियाला हसूच आलं. "या वयात? आता माझा संसार मारियामातेशी."

पुढे पुष्कळ वर्षं माझा वरचा अर्धा भाग तसाच कोरा राहिला. त्या पोटगीवर तिचं घरभाडं, औषधं आणि दुपारचं जेवण चाले. शाळेतून तिला पेन्शन मिळाली नव्हती. ती मिळण्याइतकी वर्षं भरण्याआधीच तिने शाळा सोडली होती ना!

मग समोरच्या मिम्माच्या घरी चोरी झाली. मिम्मा विधवा, एकटी, आणि तोंडाने भलतीच खमकी. तिने नुन्त्सियाला जिन्यावरच गाठलं. "अगं, एकटीचं नाव दारावर म्हणजे चोराला आवतण! इथल्या सगळ्या एकट्या बायका पुरुषाचं नाव लावतात. तूही लाव. आणि लावायचंच तर नुसतं कशाला? चांगलं फौजदाराचं लाव!"

"कोण फौजदार?"

"कोणीही! फौजदार त्रिपाल्दी. ऐकूनच घाम फुटतो की नाही?"

नुन्त्सियाला खोट्याची भीती वाटली. तिने चर्चमध्ये पाद्रीबाबांना विचारलं, आणि परत येऊन त्यांचं उत्तर मिम्माला सांगितलं, "ते म्हणाले, देवाला पाटी वाचावी लागत नाही." झालं. माझ्या कोऱ्या जागेवर जो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता त्याचं नाव चढलं. एवढ्याने मिम्माचं समाधान होईना. तिने आपल्या मेलेल्या नवऱ्याचे भलेमोठे बूट आणून पायपुसण्याशेजारी ठेवले. पोस्टमन जाता जाता म्हणायचा, "फौजदारसाहेबांना माझा नमस्कार सांगा!" नुन्त्सिया लाजून नुसती मान हलवायची. चोर काही आला नाही. मला तर पुन्हा भरल्यासारखं वाटू लागलं होतं.

पण सावेरियो आला.

किती वर्षांनी त्याची पावलं जिन्यावर ऐकली! केस पिकले होते, भट्टी विकून तो घरी बसला होता; पोटगी जड जात असेल, तेच बोलायला आला असावा. तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याने मला वाचलं, मग बूट पाहिले, मग पुन्हा मला वाचलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खिशातून फोन काढला, माझा फोटो घेतला, बुटांचा घेतला, आणि आला तसा पाय न वाजवता उतरून गेला. मी ओरडले असते, पण पाटीला एकच बोलता येतं, जे तिच्यावर लिहिलेलं असतं. आणि माझ्यावर तर खोटं लिहिलेलं होतं.

काही दिवसांनी न्यायालयाचा माणूस नोटीस घेऊन आला. ती वाचताना नुन्त्सियाने चौकट धरली. "मिम्मा," तिने हाक मारली, तिचा आवाज ओळखू येईना. "तो म्हणतो मी फौजदाराशी संसार करते. म्हणून पोटगी बंद करा म्हणतो."

मिम्माने तिच्या हातातून नोटीस घेतली आणि स्वतः वाचून काढली.

सुनावणीच्या दिवशी नुन्त्सियाने मला दारावरून उतरवून रुमालात गुंडाळलं. न्यायाधीशबाईंनी मला हातात घेऊन विचारलं, "हे त्रिपाल्दी कोण?"

"कोणी नाहीत," नुन्त्सिया हळूच म्हणाली.

सावेरियोचा वकील तडक उठला. "मग दारातले ते बूट कुणाचे?"

"माझ्या नवऱ्याचे!" मागून मिम्मा कडाडली. "आणि तो फौजदार नव्हता, कोंबड्या विकायचा. वारून किती वर्षं झाली! त्याच्याशी हिने संसार थाटला असेल, तर वकीलसाहेब, आधी मला कळवायला हवं होतं!"

सगळं न्यायालय हसलं. न्यायाधीशबाईंनी सर्वांना गप्प केलं आणि सावेरियोला विचारलं, "तुम्ही दारापर्यंत गेलात. घंटी वाजवलीत?"

त्याने मान खाली घातली. "नाही."

त्याचा अर्ज फेटाळला गेला. पोटगी आहे तशी चालू राहिली. नुन्त्सियाने मला पुन्हा स्वतःच्या हाताने दारावर बसवलं. खोटं नाव काढायला उद्याच नेते, असं ती मला म्हणाली.

त्याच संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. या वेळी ती लपूनछपून नव्हती. सावेरियो माझ्यापुढे आला, बराच वेळ उभा राहिला, आणि त्याने घंटी दाबली. नुन्त्सियाने दार उघडलं.

"आता वाजवलीस?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी तो मागे सरकला. "त्या दिवशी बोट का नाही उचललंस? माझ्या हातचं इतकी वर्षं खाल्लंस. एक घंटी वाजवली असतीस, तर मी कशी जगते ते दारातूनच दिसलं असतं. माझा घास तोडायला तुला फोटो पुरला?"

सावेरियोचे डोळे भरून आले. तो लहान मुलासारखं म्हणाला, "मला भीती वाटली. फौजदाराने दार उघडलं असतं तर?"

इतक्यात समोरचं दार धाडकन उघडलं. मिम्मा कान लावून उभीच होती.

"बघ! मी म्हटलं होतं ना, लागू पडतं म्हणून!"

मित्रांनो, त्यावर नुन्त्सिया हसली की रडली, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. सावेरियोला तिने आत घेतलं नाही, पण दार आपटलंही नाही. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. कुणी कुणासाठी काय सोडलं, एखाद्याच्या चुलीवर आज काय शिजतं, हे कुठल्याच पाटीवर कोरलेलं नसतं. म्हणून कुणाच्या दाराशी गेलात तर मला वाचून मागे फिरू नका. मी पितळेची आहे, मला काय कळतं? घंटी वाजवा. आणि आतून कुणी येईपर्यंत थांबा.