मॅलकीच्या काठीच्या दोन खाचा

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो, पण दाराआड धूळ खात पडणाऱ्यातली नव्हे! आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या कुरणांत माझे आयुष्य गेले, आणि मला विचारल्याशिवाय तिथले एकही फाटक उघडत नसे.

तिथल्या शेतकऱ्याने, मॅलकीने, मला हेझलच्या झुडपांच्या कुंपणातून तोडले, माझी साल तासली आणि चाकूने अंगावर दोन खाचा पाडल्या. गवत वरच्या खाचेला लागले की खोंडांना त्या कुरणात सोडायचे. खालच्या खाचेपर्यंत खाऊन झाले की बाहेर काढायचे, म्हणजे गवत पुन्हा जोमाने फुटते. मॅलकी हे खोंड मांसासाठी पाळत असे आणि निव्वळ गवतावर तयार करत असे. त्याने मला एकाही जनावरावर कधी उगारले नाही. मार बसलेल्या जागी मांस काळे पडते, आणि ते त्याला मुळीच खपत नसे.

एका वसंतात तो शिडीवरून पडला आणि अंथरुणाला खिळला. सगळे काम लेकीवर, डर्व्हलावर आले. मॅलकीने तिला बजावले, "थंडीच्या आत खोंड अंगाने भरले नाहीत, तर सगळे फिन्टनला विकायचे आणि हा व्याप बंद करायचा."

शेजारचा फिन्टन टपलेलाच होता. कुंपणावर रेलून म्हणायचा, "पोरी, बापाला जमायचं ते. तुला गवतातलं काय कळतंय? हिवाळ्यात नुसत्या बरगड्या मोजत बसशील!"

"काका, तुमच्या खोंडांची काळजी करा," डर्व्हला म्हणायची. "माझ्यांची मी बघते."

पण रात्री तिला झोप येत नसे, हे मला ठाऊक आहे. मी तिच्या खाटेला टेकलेली असे.

उन्हाळा सरता सरता खोंड एके सकाळी फाटकाशी जमले आणि हंबरू लागले. पलीकडचे कुरण डर्व्हलाने विक्रीआधी खोंडांना शेवटचे चारून भरवण्यासाठी राखले होते, आणि त्या लबाडांना ताज्या गवताचा वास लागला होता. आवाज थेट घरात गेला.

"अगं, उपाशी मारतेस का त्यांना?" मॅलकी आतून ओरडला. "उघड ते फाटक!"

डर्व्हलाचा चेहरा पडला. बापाचा शब्द मोडायचा म्हणजे काय! ती मला घेऊन खोंडांच्या कुरणात गेली. दव पडलेल्या गवतात तिने मला उभे केले आणि तशीच ओली नेऊन बापापुढे धरली. ओल खालच्या खाचेच्या बरीच वर होती.

"हात लावून बघा, बाबा. अजून भरपूर चारा आहे. खाच तुम्हीच पाडलीय ना?"

मॅलकीने माझ्यावरून अंगठा फिरवला. मग तो खो खो हसला. "गप्प बसतो बाई मी! त्या नाटक्यांनी मलाच गंडवलं की!"

फाटक बंद राहिले. त्या दिवशी मी होते त्याहूनही ताठ झाले, मित्रांनो.

पुढे राखलेले कुरण वरच्या खाचेला आले, खोंड आत सुटले आणि अंगाने भरत गेले. पानगळ सुरू झाली तसा लॉर्कन खाटीक पाहायला आला. मॅलकी पहिल्यांदाच माझ्या आधाराने बाहेर पडला.

"थांब लॉर्कन, आधी माझा हात."

त्याने एका खोंडाच्या शेपटीच्या मुळाशी दाबून पाहिले, बरगड्या चाचपल्या. त्याचे डोळे भरून आले. "बोटाखाली गुबगुबीत लागतंय. तयार आहेत."

लॉर्कननेही हात फिरवला. "तुझ्या वेळीही असा माल नव्हता, मॅलकी!"

कुंपणापाशी उभा असलेला फिन्टन टोपी सारखी करत निघून गेला.

घरी परतल्यावर मॅलकीने चौकट धरली आणि मला डर्व्हलाच्या हातात दिले.

"अहो बाबा, तुम्हाला चालायला?"

"मला झाडूचा दांडाही चालेल. ही कुरणाची आहे, म्हणजे तुझी."

आता माझ्या खाचा झिजतात, आणि डर्व्हला दर वसंतात त्या नव्याने कोरते. म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या हाती कधी एखादी काठी आली, तर ती जनावरावर उगारू नका. आधी तिला गवतात उभी करून बघा.