काठावरचं गाव

त्या गावात किल्ला नव्हता. किल्ल्याचा दगडसुद्धा नव्हता. पण वर्तमानपत्रात चाळीस वर्षं छापून येई, ‘अमुक पक्षाचा बालेकिल्ला’. मग तो पक्ष तिकडे फिरकेना, कारण मतं खिशातच होती. विरोधकही फिरकेनात, कारण भिंतीवर डोकं कोण आपटणार? नदीवरचा पूल राहिला तो राहिलाच.

त्याच वर्तमानपत्रातल्या उपसंपादकाची वहिनी त्या गावात नर्स. अडलेल्या बाईला होडीत घालून पलीकडे न्यायची. गेल्या पुरात दोघींची सुटका होडीतच झाली, आणि त्यातलं एक पोर म्हणे जन्मताच वल्हं धरून बसलं. एका दुपारी ती थेट कचेरीत आली, दिराच्या टेबलावर पिशवी आदळून म्हणाली, “भावजी, तो एक शब्द काढा.”

शब्द काढला की मथळ्याला भोक पडणार. उपसंपादक खुर्चीत चुळबुळला, तीनदा उठून पाणी प्यायला, आणि शेवटी ‘बालेकिल्ला’ खोडून ‘काठावरची जागा’ लिहून मोकळा झाला. कधी कुठे कलंडेल नेम नाही, अशी. संपादकांनी आधार विचारला. नदीच्या काठावरच आहे की साहेब, तो म्हणाला.

दोन्ही पक्षांचं धाबं दणाणलं. पुढाऱ्यांच्या गाड्यांनी इतका धुरळा उडवला की कोंबड्या भरदुपारी खुराड्यात जाऊन झोपल्या. पुलाचं काम निघालं. मतदानापर्यंत पाच खांब उभे राहिले, दोन उरले.

मतदानाच्या आदल्या रात्री उपसंपादकाला वहिनीचा फोन. निकाल एकतर्फी लागला तर पुन्हा किल्ला व्हायचा आणि पूल अर्ध्यावर लटकायचा, म्हणून गावात घरोघरी मतांची वाटणी चालली होती. तिनं त्याच्या भावाला एका चिन्हावर बसवलं होतं, आईला दुसऱ्या.

“आणि तुमचं, वहिनी?”

“मी लग्न झाल्यापासून विरोधातच देतेय. माझ्यासारखे दहात चार होते दर खेपेला. आकडे तुम्हीच छापायचात, भावजी. वाचायचे तेवढे राहिले.”

फोन ठेवून त्यानं मागच्या निकालांचे अंक काढले.

मोजणीत जुनाच पक्ष जिंकला, अकरा मतांनी. संपादक दारातूनच म्हणाले, “टाका, बालेकिल्ला राखला.”

उपसंपादकानं लिहिलं, ‘इकडे चार हजार एकशे नऊ, तिकडे चार हजार अठ्ठ्याण्णव’. दोन कॉलमांत मावत नाही, संपादक गुरगुरले.

“मग तीन द्या,” तो म्हणाला, आणि उभाच राहिला.

संपादकांनी घड्याळ पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि गाद्यांची जाहिरात आतल्या पानावर ढकलली. आठवड्यानं सहावा खांब सुरू झाला. सातव्याचं वहिनी रोज विचारते.