सरस्वतीबाईंनी शिवलेला गॉगल

मित्रांनो, मी एक जुना गॉगल आहे. लग्नात फोटोपुरता लावतात तसला काळा, ऐटबाज गॉगल समजू नका हं मला. मी फटफटीवाल्यांचा. दोन जाड काचा, भोवती पत्र्याची कड, आत मऊ चामडे आणि डोक्यामागे ताणून बसवायचा रबरी पट्टा, असा माझा अवतार. कडेला खाली-वर बारीक भोकं आहेत. रूपात ती उणीच दिसतात, पण माझा जीव त्यांच्यात आहे.

माझा जन्म फौजेसाठी झाला. पण लढाई संपली आणि मी पेटीतच राहिलो. पुढे लिलावात निघालो आणि फिरत फिरत वडनेर भोलजीला, मोठ्या रस्त्याकाठच्या कडूबाच्या दुकानात येऊन पडलो. ट्रकचे सुटे भाग, टायर आणि ग्रीसचे डबे, हे माझे शेजारी. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते त्या वेळची ही गोष्ट.

एके दिवशी दुकानात सुधाकरराव आले. ते संग्रामपूरच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. गुरांना बुळकांडीच्या साथीची लस टोचायला त्यांना सातपुड्याच्या पायथ्याची गावे हिंडावी लागत. खात्याने एक जुनी फटफटी दिली होती, पण रस्ता कुठे दिला होता? नाल्याची वाळू, काळ्या मातीची गाडवाट, नाहीतर सरळ कुणाच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडी काढायची. बरोबर त्यांची बायको सुलभा होती, बुलढाण्याच्या एका मास्तरांची लेक.

कडूबाने माझ्याशेजारचा एक नवा कोरा गॉगल पुढे केला. "हा घ्या साहेब. हिरवी काच, चारी बाजूनं बंद. मुंगी शिरत नाही याच्यात!"

"मुंगी आत शिरत नाही, मग वाफ बाहेर कुठून जाईल?" सुलभाने विचारले. समोर चहाचे कप आले होते. तिने तो हिरवा गॉगल एका कपावर धरला आणि मला दुसऱ्यावर.

"चष्म्याले चहा पाजून राह्यल्या का बाई?" कडूबा हसला.

हसू द्या. हिरवा साहेब धुरकटला तो धुरकटलाच. मीही धुरकटलो, खोटे कशाला बोलू? पण कपावरून उचलताच भोकांतून वारा खेळला आणि माझ्या काचा लगेच निवळल्या. सुधाकररावांनी मला डोळ्यांवर चढवून मान हलवून पाहिली. कुठे टोचत नव्हते, कुठे फट राहत नव्हती. मी त्यांचा झालो. त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

तो उन्हाळा मोठ्या मजेत गेला. फुफाट्यातून आमची फटफटी धडधडत निघाली की पोरे मागे धावत आणि कुत्री त्याहून मागे. पण पायथ्याची धूळ पिठासारखी बारीक. माझ्या भोकांतून थोडी आत जाईच, आणि सुधाकरराव संध्याकाळी डोळे चोळत घरी येत. हे त्यांच्या आईने पाहिले.

सरस्वतीबाई म्हणजे हाडाची शेतकरीण. एकुलता एक लेक शिकून साहेब झाला याचा त्यांना कोण अभिमान! "माह्या पोराच्या डोयात कण जाऊ देणार नाही मी," असे म्हणत त्यांनी फ्लॅनेलच्या पट्ट्या कापल्या आणि माझी एकूण एक भोकं शिवून टाकली. त्यांना धड दिसत नव्हते. दोरा ओवता ओवता त्या घामाघूम होत. सुई चामड्यात अडे, बोटाला टोचे, तरी माउली थांबली नाही. टाके असे घट्ट घातले की शिंप्याने तोंडात बोट घालावे. मग विहिरीवर, बाजारात, जिथे तिथे माझी वाखाणणी सुरू झाली. मला मात्र नाक दाबल्यासारखे वाटत होते. पण गॉगलला कोण विचारतो?

उन्हाळ्यात वारा कोरडा, म्हणून निभावले. थंडी पडली आणि घात झाला. आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊकच आहे: गारठा पडला की मफलर नाकावरून घेऊन डोक्याला गच्च बांधायचा. एका सकाळी सुधाकरराव तसेच निघाले. गळ्यात बर्फात ठेवलेल्या लशीचा थर्मास होता. मफलरमधला ऊन श्वास सरळ वर माझ्यात शिरला आणि आतच कोंडला. नाल्याचा उतार लागला आणि माझ्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. फटफटी धुऱ्यावरून उडाली ती तुरीच्या वावरात.

कोपर सोलवटले आणि थर्मास फुटला. पलीकडच्या गावात मोतीराम पाटील सगळी गुरे बांधून वाट बघत बसले होते, त्यांना ती तशीच सोडून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी लस पोचली आणि गुरे वाचली, हे नशीब.

घरी सुलभाने मला हातात घेतले आणि हळूच म्हणाली, "अहो, भोकं शिवलीत. वाफ जाणार कुठून? टाके उसवू का?"

"नको," सुधाकरराव म्हणाले. "आईने त्या डोळ्यांनी शिवलंय. कळलं तर तिच्या जिवाला लागेल." आणि आईला त्यांनी सांगितले, "काच खराब निघाली."

झाले! मी खुंटीवर गेलो, तेही नालायक ठरून. पण त्याहीपेक्षा सुधाकररावांचे हाल बघवत नव्हते. गॉगलशिवाय हिंडून त्यांचे डोळे लाल झाले. एकदा तुरीची काडी लागली आणि एक डोळा सुजून बंदच झाला. डॉक्टरांनी बजावले, "पुन्हा असं झालं तर डोळा जाईल." सरस्वतीबाई गुलाबपाण्याच्या घड्या ठेवत रात्रभर बसत, आणि मी समोरच्या खुंटीवर लटकत असे. तोंड असते तर ओरडलो असतो.

माघ सरला, मिरची वाळली. वर्षाचे तिखट कांडायला शेजारच्या रुक्मिणीबाई आल्या. ठसक्याने सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. सरस्वतीबाईंची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला डोळ्यांवर चढवले, पदर नाकावरून बांधला आणि मुसळ उचलले.

"सरसाबाई, फटफटी कुठी उभी केली व माय?" रुक्मिणीबाई हसून हसून वाकल्या.

पण दोन घाव पडतात न पडतात तोच माझ्या काचा पांढऱ्या झाल्या आणि तिसरा घाव उखळाच्या काठावर बसला. सरस्वतीबाईंनी मला काढले, पुसले, पुन्हा लावले. पुन्हा पांढरे. मग त्यांनी आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवले आणि मुसळ खाली ठेवले. मिरची तशीच राहिली.

संध्याकाळी सुधाकरराव आले, तर आई मला मांडीवर घेऊन दारातच बसलेली.

"काच तं लख्ख हाय रे. तुले ठावं व्हतं ना, माह्या टाक्यायनं हे झालं?"

त्यांनी मान खाली घातली. "हाव."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं, आई."

"वाईट वाटलं असतं, तं रडली असती घडीभर!" म्हातारी कडाडली आणि तिचे डोळे भरून आले. "मायचं मन राखाले डोये देऊन राह्यला होता का बे? तुहे डोये गेले असते, तं मी कोणाच्या डोयानं जग पायलं असतं?"

सुधाकररावांनी आईचा हात धरला आणि ते सुईचे जुने व्रण असलेल्या बोटांना कितीतरी वेळ कुरवाळत राहिले.

सुलभाने कात्री आणली. पण टाके सरस्वतीबाईंनी स्वतः उसवले आणि भोकांवर जुन्या मलमलीचा विरळ तुकडा बसवला. वारा जावा, धूळ थांबावी असा. मफलर नाकाखाली बांधायचा, ही ताकीदही मिळाली. तेव्हापासून कितीतरी हिवाळे मी सुधाकररावांच्या डोळ्यांवर काढले आणि एकदाही त्यांची वाट झाकली नाही.

आता काचांवर चरे पडलेत, पट्टा सैल झालाय. तरी मी सुखी आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा, पण त्यांना मोकळा श्वास घेऊ द्या. आणि घरातल्या कुणाच्या मायेने तुम्हांला त्रास होत असेल, तर गप्प राहून तो सोसू नका. जवळ बसा आणि सांगा. ती माणसे घडीभर रडतील, आणि मग स्वतःच कात्री मागतील.