मांडीखालचे हात

"शर्ट कुणाचा आहे, मनीषा?"

मोनाली मॅडमचा आवाज मागून आला आणि मनीषाची बोटं मल्हारीबाबांच्या तिसऱ्या बटणावर जागच्या जागी थांबली.

"बाबांचा, मॅडम."

"मग बटणं कोण लावतंय?"

पलंगावर ऐटीत बसलेले मल्हारीबाबाच मध्ये बोलले, "लावू द्या की हो बाई. पोर गुणाची हाये. माझी सून बी इतकं करत न्हाई."

गुणाची! त्या गुणानंच तर घात केला होता.

जालन्याच्या त्या थेरपी केंद्रात मनीषाला येऊन अठरा दिवस झाले होते. ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटच्या कोर्समधलं पेशंटसोबतचं तिचं हे पहिलंच काम, तीन आठवड्यांचं. वडीगोद्रीला तिच्या घरी या शिक्षणाचं नाव कुणालाच धड घेता येत नव्हतं. आत्यानं विचारलं होतं, "म्हंजी नर्स का?" न्हाई. "मंग मालिशवाली?" तेही न्हाई. आजारपणात माणसाची रोजची कामं सुटतात, अंघोळ, जेवण, कपडे. ती त्याची त्याला पुन्हा करता यावीत म्हणून शिकवायचं, असं मनीषानं घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. आत्या म्हणाली, "मंग तू काय करनार? नुसतं बसून बघनार?"

आत्याला एका दमात कळलं ते मनीषाला अठरा दिवसांत कळेना. कळणार कसं? मेंढरांमागं फिरलेल्या घरातली पोर ती. म्हाताऱ्या माणसानं पाण्यासाठी उठण्याआधी तांब्या त्याच्या हातात गेला पाहिजे, हे तिला चालायला यायच्या आधी शिकवलेलं. म्हातारं माणूस धडपडतंय आणि आपण मांडी घालून बघतोय, याला त्यांच्याकडं शिक्षण म्हणत नाहीत, निर्लज्जपणा म्हणतात.

मॅडमच्या कागदावर मात्र एक रकाना होता: 'मदत'. पूर्ण, अर्धी, थोडी, काहीच नाही. बाबांच्या नावापुढं सगळीकडं एकच शब्द, 'पूर्ण'.

"चार महिन्यांपूर्वी लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला होता," मॅडम तिला व्हरांड्यात घेऊन म्हणाल्या. "आता त्यात जोर आलाय, मी तपासलंय. पण वापरायची वेळच तू येऊ देत नाहीस. तीन दिवस राहिलेत. एका तरी कामापुढं 'काहीच नाही' दिसलं पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल."

एक वर्ष वाया गेलं तर मनीषाला घरचे शिकवतील थोडेच! लगेच स्थळं बघायला लागतील.

दोन दिवस तिनं जिवाचं रान केलं. चेंडू दाबायला दिला, मल्हारीबाबांनी उशाखाली ठेवला. लाकडी खुंट्या भोकांत बसवायला दिल्या, त्यांनी डाव्या हातानं भराभर बसवल्या आणि म्हणाले, "हे लेकराचे खेळ हायेत. म्या काय बालवाडीत आल्तो का?" उजवा हात मांडीवर पाहुण्यासारखा बसलेला. मग बाबांनी शर्टाकडं बघून नुसता सुस्कारा सोडला, की मनीषाचे हात शिवशिवायचे आणि बटणं लागलेली असायची. जित्याची खोड!

शेवटच्या दिवशी सकाळी केंद्राच्या फाटकात टेम्पो थांबला. आधी बाबांची बायको आसराबाई उतरली. मागून एक कबरी शेळी. तिच्यामागं करडू.

"अहो मावशी, हे काय?" वॉचमन धावला.

"हो बाजूला," आसराबाई म्हणाली. "ह्यायला घरी न्यायला आले. पर त्याआधी हिचं काम हाये. करडू एकाच सडाला पिऊन राह्यलंय. दुसरी बाजू दगडासारखी झाली. म्या हात लावला का लाथ मारती. हिला ह्यायच्याबिगर कोणाचा हात चालत न्हाई. करा काय करायचं ते!"

शेळी व्हरांड्यातल्या बाबांना बघून अशी ओरडली, की अख्खं केंद्र बाहेर आलं. बाबांचा चेहरा उतरला. "कबरे," ते म्हणाले, "माझा हात गेला गं."

मॅडमनी एक बुटकं स्टूल आणून ठेवलं, बाबांना बसवलं आणि तोल गेलाच तर म्हणून मागं उभ्या राहिल्या. आसराबाईनं शेळीची मान धरली.

मनीषा पायरीवर बसली होती. सातव्या वर्षापासून धारा काढलेले तिचे हात आपोआप पुढं झाले. मॅडमनी एकदाच तिच्याकडं बघितलं. मनीषानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसली.

बाबांनी डाव्या हातानं सुरुवात केली. शेळी उडाली, पातेलं आडवं. पुन्हा ठेवलं. पुन्हा आडवं.

"पोरी, ये की. धर जरा."

"न्हाई बाबा."

"मेंढक्याच्या घरची तू! जनावर ओरडून राह्यलं अन् खुशाल बसून राह्यली? लाज न्हाई वाटत?"

वाटत होती. इतकी वाटत होती, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हलली नाही. "बाबा, तिला तुमचा उजवा हात पाहिजे," ती म्हणाली. "माझा न्हाई."

बाबांनी रागानं तोंड फिरवलं. शेळी पुन्हा कळवळून ओरडली. तेव्हा मांडीवरचा तो पाहुणा हळूच उठला. थरथरत कासेपाशी गेला. बोटं सडाभोवती वळली, घसरली, पुन्हा वळली. शेळी मात्र एकदम गप्प. जणू इतके दिवस हरवलेलं माणूस सापडलं.

पातेल्यात चुर्रकन् आवाज आला.

"आलं!" आसराबाई ओरडली. वॉचमननं टाळ्या वाजवल्या. बाबा कोणाकडंच बघत नव्हते. एक धार पातेल्यात, एक पायावर, एक मॅडमच्या चपलेवर. पंधरा मिनिटांत बोटं थकली, पण कास मऊ झाली होती. त्या दुधाचा चहा झाला. शेळीच्या दुधाचा चहा मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा प्यायला आणि वर आणखी अर्धा कप मागितला.

छापील कागदावर 'शेळीची धार' असं काम कुठंच नव्हतं. मॅडमनी ते खाली पेनानं लिहिलं, पुढं लिहिलं 'मदत: काहीच नाही', आणि सही केली. मनीषानं हात मांडीखालून काढले तेव्हा त्यांना मुंग्या आलेल्या होत्या. ती हसतही होती आणि नाकही पुसत होती.

निघायच्या वेळी बाबा खोलीतून धुतलेला शर्ट घालून आले. चांगला अर्धा तास लावला होता. सगळी बटणं लागली होती, फक्त एक घर चुकलेलं. कॉलरची एक बाजू वर, खालचं एक टोक लोंबतंय.

"अगं बया, हे काय ध्यान!" म्हणत आसराबाईनं हात पुढं केला. मनीषानं तिचं मनगट धरलं.

"मावशी, असू द्या."

आसराबाईनं पोरीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, आणि हात मागं घेतला.

टेम्पो अंबडच्या रस्त्याला लागला. पुढच्या सीटवर मल्हारीबाबा त्याच वाकड्या शर्टात नवरदेवासारखे ताठ बसले होते, आणि खिडकीबाहेर काढलेल्या उजव्या हातानं वाटेतल्या प्रत्येकाला रामराम घालत होते.