पेढ्यांच्या डब्यातलं मंगळसूत्र

गाठ म्हणावी तर गाठीला निदान दोन टोकं असतात. विनयाच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर जो गोळा पडला होता, त्याला टोकच सापडत नव्हतं. सासूबाईंनी लग्नात घातलेली मोहनमाळ, माहेरची बोरमाळ, लेकीच्या, लीनाच्या, दोन नाजूक चेनी, आणि या सगळ्यांच्या पोटात अडकलेलं तिचं स्वतःचं मंगळसूत्र. काळे मणी तेवढे इकडून तिकडून डोकावत होते. रविवार होता, दुपारचा दीड वाजला होता. चारच्या गाडीनं सासूबाई येणार होत्या, पहिल्यांदाच, तीन महिने राहायला. त्या दारात पाऊल टाकतील तेव्हा हे मंगळसूत्र गळ्यात असायलाच हवं होतं. नसलं, तर विनयाची नोकरी गेली म्हणून समजा.

नोकरी खरडच्या मुलींच्या शाळेतली. आठवी ते दहावी गणित. सतरा सेक्टरच्या स्टँडवरून रोज सकाळी बस धरायची, चंदीगडची हद्द ओलांडून पंजाबात जायचं, दुपारी अडीचला परत. आधीची सहा वर्षं कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं. मग गेल्या वर्षी अतिरेक्यांनी एक बस अडवून हिंदू तेवढे निवडून खाली उतरवले, आणि पुढचं पेपरात आलं. त्यानंतर दोन दिवसांनी रोजच्या बसचा म्हातारा सरदारजी कंडक्टर तिकीट देताना हळूच म्हणाला, "मॅडमजी, ये काली माला घर छोड़ आया करो. दूर से पता लग जाता है." भला माणूस. बोलताना त्यालाच लाज वाटत होती.

झालं, साडी गेली, सलवार-कमीज आली, आणि मंगळसूत्र रोज सकाळी घाईघाईनं कपाटातल्या पेढ्यांच्या स्टीलच्या डब्यात पडायला लागलं. सुरुवातीला ती दुपारी आल्या आल्या गळ्यात घालायची. मग वाटायला लागलं, सकाळी परत काढायचंच आहे, कशाला? दिवाळीपासून तर ते डब्यातून बाहेरच आलं नव्हतं. आता फेब्रुवारी संपत आला होता. इतक्या दिवसांत कुणी लीनाची चेन शोधायला डबा उपसला, कुणी हलवला, कुणी आदळला, देव जाणे.

आणि साताऱ्याहून सासूबाईंची पत्रं यायची. "सूनबाईंना म्हणावं, ते बसनं जाणं सोडा. घरात काय कमी आहे?" नरेंद्र पत्र मोठ्यानं वाचायचा आणि वर म्हणायचा, "आई म्हणते त्यात तथ्य आहे." बायकोला जिवाच्या भीतीनं मंगळसूत्र काढून ठेवावं लागतं, एवढं एकदा का आईला कळलं, की त्या तथ्याचं फर्मान व्हायला वेळ लागणार नव्हता. विनयाला ते पक्कं ठाऊक होतं. तिला ती शाळा हवी होती. तिथल्या पोरी भूमितीचा रायडर सुटला की बाकं वाजवायच्या.

तिनं दोन टाचण्या घेतल्या. एक चेन उचकली, ती मोहनमाळेत जास्तच रुतली. टाल्कम पावडर फासली. आता तो गोळा सुळसुळीत झाला आणि बोटांतून निसटायला लागला. डोळ्यांत पावडर गेली. "मेलं जळो हे सोनं!" ती ओरडली.

"मम्मा, गरम पानी में डाल दो ना," लीना कॉटवर लोळत म्हणाली. वय वर्षं बारा, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

"बोरमाळेच्या मण्यांत लाख असते. वितळून गेली म्हणजे तुझा बाप भरणार आहे?"

बाप तेवढ्यात आलाच. तीस सेक्टरमधल्या उपकरणांच्या प्रयोगशाळेत इंजिनियर, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण एखाद्या यंत्रात घातली की सुटते अशी त्याची श्रद्धा. गोळा हातात घेऊन त्यानं तो उजेडात फिरवला. "लॅबमध्ये अल्ट्रासॉनिक आहे. उद्या नेऊ का?"

"त्यानं गाठ सुटते?"

"सुटत नाही. पण स्वच्छ होते."

"म्हणजे मला स्वच्छ गाठ मिळेल! ठेव तो खाली. ठेव म्हणते ना!"

नरेंद्रनं गोळा ठेवला. जरा थांबून म्हणाला, "त्यापेक्षा आईला सांगूनच टाकू या का?"

"खबरदार!" विनया म्हणाली. तो मुकाट्यानं स्कूटरची किल्ली घेऊन निघाला. मग आईला आणि सामानाला स्कूटर पुरणार नाही हे आठवून परत आला, किल्ली ठेवली आणि रिक्षानं गेला. या माणसाच्या भरवशावर आपण घर सोडून दोन हजार किलोमीटर आलो, असं तिच्या मनात आलं.

साडेतीनला बोरमाळ सुटली. तिला इतका आनंद झाला की तिनं ती नीट बाजूला ठेवायच्या ऐवजी मांडीवरच ठेवली, आणि दोन मिनिटांत तिचा आकडा पुन्हा मोहनमाळेत जाऊन बसला. विनया अक्षरशः रडली. पलीकडे तिघा-चौघांची आमटी उकळून उकळून आटली. पक्कड आणून लीनाची एक चेन तोडावी असंही मनात आलं. पण पकडीत चुकून मंगळसूत्राची तार आली तर? आणि तीही आज, सासूबाई यायच्या दिवशी? तिनं पक्कड परत ठेवून दिली.

पावणेपाचला मंगळसूत्राचं एवढंच झालं की वाट्या आणि पुढचे मणी मोकळे झाले. मागचा, आकड्याजवळचा भाग मात्र बाकीच्या सगळ्या गोतावळ्यात तसाच. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग विनयानं जे केलं ते शहाण्या बाईनं केलं नसतं. तिनं मंगळसूत्र तसंच गळ्यात घातलं. पुढून वाट्या झकास दिसत होत्या. मागे मानेखाली मोहनमाळ, बोरमाळ आणि दोन चेनी यांचं मुटकुळं लोंबत होतं. त्यावर तिनं दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेतला. आरशात पाहिलं. छान सोज्वळ सून दिसत होती.

सासूबाई जिना चढून आल्या. साठी उलटलेली, सुकलेली, ताठ बाई. "कशी आहेस गं?" म्हणाल्या. विनया हसली, पुढे झाली आणि सवयीनं नमस्काराला वाकली.

नमस्कार करावा लागणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पदर सरकला, मुटकुळं मानेवरून गरकन पुढे आलं आणि थेट सासूबाईंच्या पावलावर टेकलं. पावडरीचा एक लहानसा ढग उठला. नरेंद्र दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भिंतीकडे बघत राहिला.

"चहा टाक आधी," सासूबाई म्हणाल्या.

चहा झाला. मग त्यांनी एक ताट मागितलं, चष्मा पुसला आणि हात पुढे केला. विनयानं सगळा गोळा गळ्यातून काढून दिला. सासूबाईंनी काळे मणी दोन बोटांत चोळले. "किती दिवस घातलं नव्हतंस?"

"दिवाळीपासून." आणि मग तिला राहवेना. "बसमध्ये घालून जाता येत नाही, आई. लांबूनच ओळखू येतं आम्ही कोण ते. मला भीती वाटते. रोज वाटते. पण मी नोकरी सोडणार नाही. तुम्ही काय बोलायचं ते बोला, मी सोडणार नाही!"

नरेंद्र म्हणाला, "आई, मी तिला किती वेळा..."

"तू गप्प बस." सासूबाईंनी मान वर केली नाही. ताटात गोळा पसरून त्यांनी आधी मोकळा असलेला एक आकडा शोधला आणि लावून टाकला. मग दुसरा. "उघडे आकडे हिंडतात आणि दिसेल त्यात जाऊन रुततात. ठेवताना आकडा लावून ठेवावं, एवढं तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मलाही सांगितलं नव्हतं." त्या टाचणीनं एकेक पदर सैल करत होत्या, ओढत नव्हत्या. "अठ्ठेचाळीसला गांधीजी गेल्यावर ब्राह्मणांची घरं जाळली, त्यात आमचं गेलं. पाटलीणबाईंनी मला त्यांच्यासारखं लुगडं नेसवलं, कपाळावर आडवं कुंकू लावलं आणि म्हणाल्या, वहिनी, गळ्यातलं काढा, ओळखतील. मी सगळं एका फडक्यात कोंबलं. आठ मैल चालत गेलो. यांच्या मागून, मोकळ्या गळ्यानं. घरच्यांत पोचलो तर फडक्यात हे असंच झालेलं."

"मग?"

"मग काय! जीव वाचला याचं कुणाला काही नाही. माझ्या सासूबाई वर्षभर म्हणत होत्या, नवरा जिवंत असताना गळा मोकळा ठेवलास. वर्षभर, विनया. जेवताना, निजताना." त्यांची बोटं थांबली. "आता यांना जाऊन सहा वर्षं झाली. ते बोलणं अजून ऐकू येतं."

सातच्या सुमाराला शेवटची चेन सुटली. पाची जिन्नस ताटात वेगवेगळे पडले होते. सासूबाईंनी लीनाचा जुना फ्रॉक मागवून त्याच्या पाच पिशव्या टाचल्या, एका पिशवीत एकच जिन्नस. नोकरीबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. आपण होऊन विचारायचा धीर विनयाला झाला नाही.

सोमवारी सकाळी ती सलवार-कमीज घालून बाहेर आली, गळ्यात मंगळसूत्र. ठरवलंच होतं तिनं, ओढणीखाली लपवून नेऊ, जे होईल ते होवो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

"काढ."

विनयाचा चेहरा उतरला. "आई, आज परीक्षा आहे पोरींची. आजचा दिवस तरी जाऊ द्या."

"जा की. तुला अडवलंय कुणी? पण हे काढून जा."

विनयानं काढून दिलं. सासूबाईंनी आकडा लावला, देवांच्या फळीशेजारच्या खिळ्याला मंगळसूत्र सरळ लोंबतं अडकवलं, आणि त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "आल्या आल्या इथून घ्यायचं आणि घालायचं. हातपाय नंतर. हे खिळ्यावर आहे तोवर मला घास जायचा नाही."

विनयानं पिशवी उचलली. ती जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा वरून गॅलरीतून हाक आली, सगळ्या क्वार्टर्सना ऐकू जाईल अशी.

"अडीच म्हणाली होतीस ना गं? तीन झाले तर मी बसस्टँडवर येऊन उभी राहीन हं! मला तुमची हिंदी येत नाही, सांगून ठेवते!"