थोडी ट्रॅकवर पळालेली

'नीट ठेवलेली, दोन दारी, गडद निळी. थोडी ट्रॅकवर पळालेली.' जाहिरातीत माझं वर्णन एवढंच होतं. तीच गाडी मी बोलतेय. वर्णनात खोटं काही नव्हतं, पण स्थळाची माहिती देताना लोक करतात तसंच झालं होतं. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं आणि सांगायला हवं ते राहून गेलं.

माझा पहिला मालक हौशी होता. हौस फिटली तशी त्याने मला कापडाखाली झाकून ठेवलं. पळण्यासाठी जन्मलेल्या जिवाला असं झाकून ठेवणं म्हणजे काय असतं, ते मी भोगलंय. टायर एकाच जागी दबून चपटे व्हायला लागले होते. त्या कापडाखालून मला बाहेर काढलं ते माझ्या दुसऱ्या मालकाने.

तो बंदरावर क्रेन चालवायचा. उंच मनोऱ्यावरच्या काचेच्या खोलीत बसून, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं इतक्या अलगद तो जहाजातला अवजड कंटेनर खालच्या ट्रकवर टेकवायचा. खाली माणसं उभी असायची. तो वर आहे म्हटल्यावर ती मान वर करून बघतसुद्धा नसत. त्यांनी त्याचं नाव ससाणा ठेवलं होतं. घरच्यांनाही ते आवडायचं.

त्याची बायको टपाल वाटायची. सकाळी खांद्याला पिशवी लावून निघाली की अर्धं गाव पायाखाली घालून दुपारी परतायची. ती मला सवत म्हणायची. मला धुऊन आणलं की विचारायची, सवतीची अंघोळ झाली का, मग आता माणसांकडे बघा. रागाने नाही म्हणायची. मला जागा व्हावी म्हणून गॅरेजमधले तिचे जुने सामानाचे खोके तिनेच तर हलवले होते.

माझी देखभाल तिच्या धाकट्या भावाकडे होती. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तो मालकाला दाजी म्हणायचा आणि मला पोरगी. तेल वेळेवर, ब्रेकची पॅडं झिजण्याआधी, टायर चारही एका जातीचे. एवढी काळजी हे दोघे स्वतःच्या तब्येतीची घेत नसत. मालकाला साधी सर्दी झाली तरी तो ती अंगावर काढायचा.

सुट्टीच्या दिवशी कधीमधी आम्ही गावाबाहेरच्या ट्रॅकवर जायचो. तिथे हौशी लोक आपापल्या गाड्या पळवत. शर्यत नसे, तरी प्रत्येकाच्या मनात ती चाललेलीच असे. मालक हेल्मेट चढवायचा आणि सरळ रस्ता संपत आला की क्षणभर श्वास रोखायचा. मला तो श्वास कळायचा. वळणावर तो मला जिथे ठेवायचा तिथेच मी असायचे, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. त्या दिवसांसारखं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही.

मग माझं डावं चाक वळणाच्या कडेला घासायला लागलं.

सुरुवातीला मला वाटलं, दोष माझ्यातच आहे. मेहुण्यालाही तसंच वाटलं. त्याने चाकं तपासली, स्टिअरिंग तपासलं, हाताला काही लागलं नाही. घरी गॅरेजच्या दारात माझा डावा आरसा चौकटीला टेकला. मालक म्हणाला, चौकटच अरुंद आहे. इतकी वर्षं मी त्याच चौकटीतून आत-बाहेर करत होते.

एके दिवशी तो गावातल्या दूरच्या भागात गेला आणि एका दवाखान्याबाहेर मला बराच वेळ उभं केलं. परत आल्यावर लगेच निघाला नाही. हातातली औषधाची इवलीशी बाटली त्याने समोरच्या कप्प्यात, पुसायच्या फडक्याखाली सरकवली. तेव्हापासून घरी शिरण्याआधी वळणावर थांबून, डोकं मागे टेकून तो डोळ्यांत थेंब घालायचा. डोळे मिटून बसायचा, चेहरा पुसायचा आणि हसऱ्या तोंडाने घरी जायचा.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला होतं. पण माझा आवाज म्हणजे हॉर्न, आणि त्याची कळ त्याच्याच हाताखाली.

ट्रॅकवरच्या शेवटच्या दिवशी पुढची एक गाडी गिरकी घेऊन आडवी झाली. डाव्या कडेला उभा असलेला पंच पिवळा झेंडा हलवत होता आणि त्याचा सोबती अडकलेल्या गाडीकडे धावत होता. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. मालकाने वेग कमी केला नाही. धावणारा माणूस मागे उडी मारून वाचला. त्याच्या अंगरख्याचा वारा माझ्या दाराला लागला.

मालकाला ट्रॅकवरून बाहेर काढण्यात आलं. सोबत आलेला मेहुणा पांढराफटक पडला होता. त्याने कप्पा उघडला, फडकं उचललं आणि बाटली काढून दाजींच्या समोर धरली. माझं पुसणं-झाडणं तोच करायचा. त्याला ती कधीच सापडली होती.

"दाजी, काचबिंदू आहे ना?"

मालकाने मान हलवली. डावीकडचं दिसणं आक्रसत चाललंय, म्हणाला. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर आहे ते टिकेल. मग मेहुण्याचा हात धरून त्याने गळ घातली, ताईला सांगू नकोस. बंदरावर कळलं तर उद्या मला खाली उतरवतील. मी गाडी विकतो, हवं तर आजच जाहिरात देतो.

मेहुणा गप्प बसला. त्याला वाटलं, गाडी गेली की धोका गेला. ही माणसांची एक खोडच आहे. जे टाकून देणं सोपं, त्यालाच ती दुखण्याचं मूळ ठरवतात.

जाहिरात द्यायचं ठरलं. बायकोला नवल वाटलं, पण तिने खोदून विचारलं नाही. उलट फोटो चांगला यावा म्हणून तिनेच जागा सुचवली, अंगणातली पांढरी भिंत, सकाळचं ऊन. मला तिथे नेताना भिंतीशी तिची सायकल आड येत होती, म्हणून ती सायकल उचलायला वाकली. डावीकडे.

मी पहिल्या गिअरमध्ये होते. माणूस चालतो त्याहून हळू. एवढ्या वेगाची मला लाज वाटायची.

तिचा गुडघा माझं नाक आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. मालकाला वाटलं सायकलच लागली, म्हणून ब्रेकवर पाय पडायला उशीर झाला. ती ओरडली. त्याने मला मागे घेतलं, खाली उतरून धावत पुढे आला आणि ती हातभर अंतरावर जमिनीवर पडलेली असताना तो तिला शोधत राहिला. तिच्या वरून, तिच्या पलीकडे, भिंतीकडे बघत. मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे ती त्याला दिसली.

तोपर्यंत तिचं ओरडणं थांबलं होतं. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती.

माझ्या नाकावर ओरखडाही आला नाही.

ती घरी आली ती पायाला प्लास्टर घालून. गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टपालाची पिशवी सुटली. बसल्या जागी पत्रं निवडण्याचं काम देऊ, असं ऑफिसने कळवलं. ती अंगणात खुर्चीवर पाय लांब करून बसायची आणि मी समोर. भाऊ रडत माफी मागायला आला तेव्हा तिने त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. नवऱ्याशी मात्र ती दोन दिवस बोलली नाही. बोलली ती माझ्यासमोर.

"पायाचं माझं मी बघेन," ती म्हणाली. "पण तुम्ही रोज सकाळी वर चढत होता. खाली माणसं होती. त्यांच्या बायका घरी वाट बघत असतील, हे एकदाही मनात आलं नाही?"

दुसऱ्या दिवशी तो बंदरावर गेला आणि आपणहून सगळं सांगून आला. आता तो तिथे गोदामात दोरखंड आणि आकडे मोजून देतो. ससाणा म्हणणारे आता त्याच्याशी अदबीने बोलतात, आणि तेच त्याला जास्त लागतं.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. ती माझ्याखाली आडवी होऊन बघत, इंजिनाला कान लावत, टायरवरून बोट फिरवत. ट्रॅकवर किती चालवली, असं विचारत. मालक खरं ते सांगायचा. अपघात झालाय का, हे तर सगळेच विचारत.

"गाडीला नाही," तो म्हणायचा आणि बायकोच्या पायाकडे बोट दाखवायचा. "हिला झालाय. मी केलाय. मला दिसत नव्हतं."

एवढं ऐकल्यावर लोकांना अचानक दुसरी कामं आठवत. गाडी अपशकुनी आहे, असं एक जण फाटकाबाहेर जाऊन बोलला, पण मोठ्याने. मी ऐकलं.

शेवटी आली ती एक पोक्त बाई. शववाहिका चालवायची. आठवडाभर इतकं हळू चालवते, म्हणाली, की एखादा दिवस जोरात गेल्याशिवाय डोकं ठिकाणावर राहत नाही. तिला अपघाताचं सांगितलं, तर तिने खुर्चीवरच्या बाईला विचारलं, फार दुखतं का. हे आधी कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, माझ्या गाडीत बसणारे कधी कुरकुर करत नाहीत, त्यामुळे अशा गोष्टींची मला भीती वाटत नाही.

व्यवहार ठरला. चाव्या देताना मालकाने माझ्या टपावर हात ठेवला आणि उचलला, एवढंच. त्याची बायको मात्र काठी टेकत पुढे आली. हिच्यातून मला एकदा फिरवून आणाल का, असं तिने त्या बाईला विचारलं.

इतक्या वर्षांत ती माझ्यात क्वचितच बसली होती. पाय आत घ्यायला तिला बराच त्रास झाला. आम्ही बंदराच्या रस्त्याने गेलो. क्रेनच्या काचेच्या खोलीत दुसरंच कुणीतरी होतं. ती बराच वेळ वर बघत राहिली. घरात जे तोंडातून निघालं नव्हतं ते तिने या परक्या बाईला सांगितलं.

"आता आम्ही आंधळ्या-पांगळ्याची जोडी. मी त्यांना धरायचं, त्यांनी मला. कोण कुणाला पाडतंय, बघायचं."

शववाहिकावाल्या बाईने समजूत घातली नाही. गाडी बाजूला घेतली आणि तिचं रडून होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं.

आता मी त्या शववाहिकेच्या शेजारी उभी असते. ती कधी गिरकी घेत नाही, तिला कुणी पिवळा झेंडा दाखवत नाही. माझी निगा इथेही नीट राखली जाते. तुम्ही कधी माझ्यासारखी गाडी बघायला गेलात तर टायर बघा, तेल बघा, खुशाल बघा. पण विकणाऱ्याच्या तोंडाकडेही जरा बघा, आणि का विकताय ते विचारा. कदाचित कुणीतरी विचारावं याचीच तो वाट बघत असेल.

परवा सिग्नलला थांबले होते, तेव्हा ती दोघं दिसली. ती काठी टेकत पुढे, तो मागे. त्याने माझा आवाज ओळखला असावा, कारण तो फूटपाथवरच थबकला. ती चार पावलं गेली आणि तिच्याही लक्षात आलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. काठी उजव्या हातात घट्ट धरून तिने डावा हात नुसता मागे केला आणि तशीच उभी राहिली. तो पुढे आला, हवेत चाचपडत.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या आणि मला निघावं लागलं. हात त्याला सापडला की नाही, ते मला दिसलं नाही.