नऊ प्रतींतली पहिली

मी एका चित्राची जुनी प्रत आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर आठ बहिणी झाल्या, सगळ्या माझ्याहून उजळ, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

माझा जन्म दोन सख्ख्या बहिणींमुळे झाला. थोरलीची झोप उडाली होती, कशातच मन लागत नव्हतं, आणि डॉक्टरांसमोर बसलं की तिची वाचाच बसायची. ती धाकटीला म्हणाली, "तू माझं चित्र काढ. मी तेच पुढे करीन. बोलायलाच नको."

धाकटी चित्रकला शिकत होती. तिने तांब्याचा पत्रा घेतला आणि पोलादी सुईने त्यावर थेट ओरखडायला सुरुवात केली. गुडघ्यांत मान खुपसून बसलेली बाई, पाठीचा एकेक मणका, आणि डोक्याच्या जागी नुसता रेघांचा गुंता. सुई ओढली की रेघेच्या कडेला तांब्याची बारीक कुसळं उभी राहतात. त्यांत शाई अडकते, म्हणून काळा रंग असा दाट उतरतो. शाई भरलेल्या पत्र्यावर ओला कागद ठेवून प्रेसखाली दाबला आणि मी ओलीचिंब निघाले, तेव्हा थोरली माझ्याकडे बघतच राहिली.

"हं. हेच होतंय मला," ती म्हणाली.

तेवढंच माझ्या वाट्याचं कौतुक.

आईने मात्र नाक मुरडलं. "हे दाखवणार? त्यांना वाटेल, घरात हिचे हाल करतात."

"अगं, ते डॉक्टर आहेत, पाहुणे नाहीत," धाकटी म्हणाली.

"तरी जरा सौम्य कर. माझ्यासाठी."

धाकटीने एकही रेघ बदलली नाही. तोच पत्रा पुन्हा पुन्हा प्रेसमधून काढला, बस्स. दर वेळी दाबाने कुसळं मोडत गेली. नववी प्रत निघाली ती राखाडी, गुळगुळीत; बाई जणू दुपारची डुलकी काढतेय.

"बघ, किती शांत दिसते माझी पोर," म्हणत आईने तीच डॉक्टरांकडे न्यायच्या फाइलमध्ये घातली. थोरलीने माझ्याकडे बोट दाखवलं होतं, मित्रांनो. धाकटीने ते पाहिलंही. पण तिला नववीची सफाई आवडली होती.

परत आल्यावर आई खुशीत सांगत होती, "डॉक्टर म्हणाले, थोडा थकवा आहे. हवापालट करा. चित्राचं तर फार कौतुक केलं." थोरली तिथे तोंडातून शब्द काढू शकली नव्हती. ती पुन्हा गेली नाही.

नववीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं, काचेची चौकट मिळाली. मी कपाटात रद्दीखाली. थोरलीची नोकरी सुटली. ती पलीकडच्या खोलीत दार लोटून बसते. कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणते, आणि विचारणारा सुटल्यासारखा निघून जातो.

माझा एक कोपरा वाळवीने खाल्लाय. तुम्ही मायाळू आहात, मला उन्हात ठेवायला धावाल. राहू द्या. कागदाची काळजी नंतरही घेता येते. आधी ते दार उघडा, तिच्याजवळ बसा, आणि ती "ठीक आहे" म्हणाली तरी उठू नका.